आई केमोनंतर घरी येतेय, बुरशीसाठी एअर प्युरिफायर कोणता? (बजेट १० हजार)

सायली_ठाणे: आईला एएमएल (रक्ताचा कॅन्सर) आहे, केमोचा पहिला राउंड झाला. शुक्रवारी डिस्चार्ज, पण पांढऱ्या पेशी अजून खालीच. डॉक्टर म्हणाले, बुरशीच्या इन्फेक्शनला जपा. बेडरूमच्या भिंतीला ओल आहे, शेजारची बिल्डिंग पाडताहेत. १० हजारांच्या वर जमणार नाही.

मंदार७१: २८ हजारांचाच घ्या. आमच्याकडे तीन वर्षं आहे, कुणाला सर्दीसुद्धा नाही.

रेवा_क: हेपा फिल्टर (अगदी बारीक कण अडवणारा) आहे का तेवढं बघा. अ‍ॅस्परजिलस बुरशीचे बीजाणू २-३ मायक्रॉनचे, त्यात अडकतात. पण खिडकी उघडी असेल तर मशीन काय करणार? बाबांच्या वेळी समोर खोदकाम चालू होतं. उकडतं म्हणून दुपारी खिडकी उघडायचो, संध्याकाळी उशीच्या अभ्र्यावर बोट फिरवलं की रेघ उमटायची. पुढे सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसात बुरशी निघाली. ती खिडकी अजून डोळ्यासमोरून जात नाही.

अण्णा_सातारा: हे सगळं केमोमुळे. केमो थांबली की संपलं.

रेवा_क: नुसत्या केमोमुळे नाही, अण्णा. एएमएलमध्ये बोनमॅरो (हाडांतला मगज) आधीच ब्लास्ट म्हणजे कच्च्या, बिघडलेल्या पेशींनी भरलेला असतो, चांगले न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) तयारच होत नाहीत. आणि बुरशीला अडवतात मुख्यतः तेच.

गौरी_म: काकूंना ब्रेस्ट कॅन्सर होता, केमो चालू असताना तुळशीची माती बदलायच्या. काही झालं नाही.

सिस्टर_विदर्भ: गाठीच्या कॅन्सरमध्ये न्यूट्रोफिल सहसा इतके दिवस खाली राहत नाहीत, तुलना नको. कुंड्या बाहेर काढा, मातीत बुरशी असतेच. सायलीताई, न्यूट्रोफिल ५०० च्या खाली असताना १००.४ ताप आला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघू नका, थेट हॉस्पिटल गाठा. जिभेवर पांढरे चट्टे आहेत का, रोज बघा. बुरशीविरोधी पोसाकोनाझोलच्या गोळ्या दिल्या असतील तर जेवणासोबत द्या, बाकीची औषधं डॉक्टरांना दाखवा.

मंदार७१: हेपा पाहिजेच. म्हणूनच म्हटलं, २८ हजारांचा.

सायली_ठाणे: सगळ्यांचे आभार. प्युरिफायर घेत नाही. मामाचं घर हॉस्पिटलपासून रिक्षाने दहा मिनिटांवर, भिंती कोरड्या, जवळपास बांधकाम नाही. पेशी वर येईपर्यंत आई तिकडेच राहील. पैसे रात्री-अपरात्रीसाठी बाजूला ठेवलेत. तुळस शेजारच्या काकूंकडे दिली, आईनेच फोनवर सांगितलं.