रात्री उठताना वडिलांचा तोल जातो

प्रश्न: माझे वडील ७८ वर्षांचे असून गेल्या दोन महिन्यांत रात्री लघवीसाठी उठताना ते दोनदा पडले. हाड मोडले नाही, परंतु आता ते खोलीबाहेर यायलाच घाबरतात. घरात नेमके काय बदलावे?

उत्तर १: घराआधी औषधे तपासून घ्यावीत. झोपेच्या गोळ्यांनी तोल जातो, तर रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे उभे राहताच रक्तदाब उतरू शकतो. आडवे असतानाचा वरचा आकडा उभे राहिल्यावर ३ मिनिटांच्या आत २० किंवा अधिक खाली आला, तर डॉक्टरांना दाखवावे, मात्र गोळी स्वतःहून बंद करू नये. उठण्यापूर्वी मिनिटभर पलंगाच्या कडेला पाय सोडून बसावे.

उत्तर २: टॉवेलची दांडी आधारासाठी नसते, आमच्या आईने तीच धरली आणि ती स्क्रूसकट हातात आली. कमोडजवळ भिंतीत पक्के बसवलेले हँडल आणि वाटेत मंद दिवा हवा. सुटी पायपुसणी काढावीत.

उत्तर ३: भीतीपोटी चालणे थांबले की पायांतील ताकद घटते आणि पडण्याचा धोका उलट वाढतो, म्हणून फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली तोल सांभाळण्याचे व्यायाम सुरू करावेत.

प्रश्नकर्ता: आज रक्तदाब मोजला, फरक २६ निघाला. उद्याच डॉक्टरांकडे जात आहोत.