मदत हवी आहे: बंद कंपनीच्या जागेवर टॉवर, पलीकडे चालू गाळे. हे जुळतं का, कसं तपासायचं?

नमस्कार मंडळी,

राहायला भांडुप पश्चिमेला, एल.बी.एस. मार्गापासून आत. आमच्या जुन्या चार मजली सोसायटीला लागून बरीच वर्षं बंद पडलेल्या एका कंपनीचा प्लॉट आहे. आता तिथे पत्रे ठोकलेत. तीन टॉवर आणि खाली दुकानं होणार, असं एजंट सांगत फिरतोय.

प्लॉटच्या पलीकडच्या भिंतीला गाळ्यांची रांग आहे. पत्रा कापणारे, पॉवर प्रेसवाले, एक पावडर कोटिंगवाला, सगळे जोरात चालू. मध्ये मोकळी जागा असल्याने प्रेसचा धाडधाड आवाज आमच्यापर्यंत येताना विरतो. टॉवरच्या मागच्या बेडरूमच्या खिडक्या मात्र थेट गाळ्यांच्या पत्र्यांवरच उघडतील.

सोसायटीत दोन तट पडलेत. एक म्हणतो, भाव वाढेल, गप्प बसा. दुसरा म्हणतो, हरकत घ्या. पण कशावर, ते कुणालाच सांगता येत नाही. ‘आमचा उजेड जाईल’ एवढ्यावर कोण ऐकणार? मला खटकतंय ते वेगळंच. टॉवरमध्ये लोक राहायला आले की पहिली तक्रार गाळ्यांवर जाणार. आमच्या बिल्डिंगमधली माणसं त्या गाळ्यांत कामाला आहेत. आधीपासून असलेल्यांनी उठायचं आणि नंतर आलेल्यांनी हक्क सांगायचा, असंच होतं ना शेवटी?

विकास आराखड्याचे शेरे (कुठली जागा कुठल्या वापरासाठी, हे सांगणारा महापालिकेचा कागद) काढले. प्लॉट आणि गाळे, दोन्ही औद्योगिक झोनमध्ये. मग राहत्या इमारतीला परवानगी मिळते कशी? शेजारी काय चालतं हे कुणी बघतं का? आणि गल्लीचं काय? टेम्पो माल उतरवायला थांबला की शाळेची बस मागे हॉर्न वाजवत उभी असते, ती आजच.

बिल्डरला शिव्या घालायला धागा काढलेला नाही, तेवढं सांभाळा.

नकाशेवाला
दादा, परवानगी मिळते ती विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली 2034 मधल्या 14(ब) खाली. औद्योगिक जागेवर महापालिका आयुक्तांच्या मंजुरीने निवासी किंवा व्यापारी वापर करता येतो, पण अटी घालून. बंद कारखाना असेल तर कामगारांची देणी चुकती झाल्याबद्दल कामगार आयुक्तांची एनओसी लागते. जागेचा काही हिस्सा सार्वजनिक सोयींसाठी सोडावा लागतो.

तुमच्या कामाची अट पुढची आहे. उद्योग आणि घरं यांच्यात जे अंतर ठेवायचं, ते नव्याने घरं बांधणाऱ्याने स्वतःच्या प्लॉटमध्ये सोडायचं असतं, गाळेवाल्यांनी नाही. त्यामुळे ले-आउटचा मंजूर नकाशा मिळवा आणि गाळ्यांच्या बाजूला काय दाखवलंय ते बघा. त्या बाजूला पार्किंग, रॅम्प, पंपरूम असेल तर डिझायनरने डोकं वापरलंय. बेडरूम असतील तर हरकतीचा मुद्दा तिथे सापडला.

झोनचा रंग बघून थांबू नका. औद्योगिक क्षेत्रात आवाजाची मर्यादा दिवसा 75 डेसिबल, रात्री 70. निवासी क्षेत्रात 55 आणि 45. एका भिंतीच्या दोन बाजूंना हा फरक असला तर भांडण ठरलेलंच.

गाळा नं. ७
माझा गाळा दुसऱ्या उपनगरात. शेजारी टॉवर झाला आणि वर्षभरात तक्रारी सुरू. आमच्याकडे प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र होतं म्हणून टिकलो. तुमच्या गाळेवाल्यांना आधी सांगा, संमतीपत्र आणि फॅक्टरी लायसन्स चालू ठेवा. ज्याचे कागद लंगडे तो पहिला उठतो.

सुमेधा_मुलुंड
बांधकाम क्षेत्र 20,000 चौरस मीटर किंवा जास्त असेल तर पर्यावरण मंजुरी लागते. इमारत प्रकल्पाला जनसुनावणी नसते, त्यामुळे ‘बोलावतील तेव्हा बोलू’ म्हणून बसू नका. अर्ज केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर दिसतो. त्यात शेजारचा जमीनवापर, वाहतूक, पावसाचं पाणी याबद्दल काय लिहिलंय ते वाचा. शेजारी ‘निवासी वस्ती’ एवढंच लिहिलं असेल आणि गाळे गाळले असतील, तर फोटो आणि सीटीएस नंबरसकट (जागेचा सिटी सर्व्हे नंबर) लेखी कळवा.

मंजूर नकाशे महारेराच्या (गृहप्रकल्पांची नोंदणी करणारं राज्याचं प्राधिकरण) साइटवर मिळतात, पण प्रकल्पाची नोंदणी झाल्यावर. त्याआधी हवे असतील तर माहिती अधिकारात अर्ज करा, फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. आयओडी (महापालिकेची बांधकामाला अटींसकट दिलेली प्राथमिक मंजुरी), तिच्या अटी आणि 14(ब)ची मंजुरी अशी नावं घालून मागा. ‘सर्व कागद द्या’ लिहिलंत तर काहीच हाती लागणार नाही.

धागाकर्ता
नकाशेवाला, अंतर प्लॉटमध्येच सोडायचं हे कमिटीत कुणालाच माहीत नव्हतं. अर्ज या आठवड्यात टाकतो. गल्लीच्या रुंदीचा मुद्दा महापालिकेच्या हरकतीच्या पत्रातच घालू का, की वाहतूक पोलिसांना वेगळं पत्र?

नकाशेवाला
वेगळं. इमारतीची उंची आणि एफएसआय (प्लॉटच्या मानाने किती बांधकाम करता येतं ते) समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतात, म्हणून महापालिकेच्या पत्रातही एक ओळ टाका: प्रत्यक्ष रुंदी किती, आराखड्यात किती. टेपने मोजून.