मदत हवी आहे: जोधपूरला घर घेताना काय काय तपासायचं?

मंडळी, आम्ही बोरिवलीकर, पण मिस्टरांची बदली जोधपूरला झालीय आणि आता तिकडेच राहायचं ठरतंय म्हणून जुन्या शहरात एक दगडी घर बघितलं, खाली तळघर. किंमत ऐकून इथल्या वन बीएचकेवाल्याला रडू येईल. पण तळघराची भिंत फक्त कमरेपर्यंतच नव्याने रंगवलीय आणि कोपऱ्यात पांढरा क्षार फुटलाय. एजंट म्हणतो, "मॅडम, रेगिस्तान में पानी कहां से?" अरे पण कालव्याचं पाणी आल्यापासून जोधपूरच्या जुन्या भागात भूजल वर येऊन तळघरं भरतात आणि २००६ ला बाडमेरच्या कवास गावात पुराचं पाणी जमिनीखालच्या जिप्समच्या थरामुळे जिरतच नव्हतं, २६ जुलै बघितलेल्या माणसाला असलं काही सांगू नये.

तर शेजारी पंप लावतात का हे विचारण्याशिवाय अजून कसं तपासायचं? बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड, खारटपणा कुठे चेक करून मिळेल? आणि कागद म्हणून पट्टा (तिकडचा जागेच्या हक्काचा कागद) दाखवतायत, आपल्यासारखं सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट वगैरे काही नाही, तर मालकीच्या सर्चसाठी वकील तिथलाच घ्यावा ना? टोकनसाठी रोज फोन येतोय, अनुभव असेल तर प्लीज लवकर सांगा.