स्पेनमधल्या मालागा प्रांतात फिरलेल्यांनो, तुमचे अनुभव लिहा

आज भाजी घेऊन येताना कोपऱ्यावरच्या मावशींकडून जाईचा गजरा घेतला. रिक्षात वास दरवळला आणि एकदम मालागा आठवलं. लेक तिथे शिकायला होती, तेव्हा ऑगस्टमध्ये आई आणि मी गेलो होतो. संध्याकाळी रस्त्यात एक माणूस दिसला. पांढरा शर्ट, काळी विजार, कमरेला लाल पट्टा आणि हातात निवडुंगाचं जाड पान. त्या पानात पांढरे गोंडे खोचलेले. आईला वाटलं, कुठलं तरी मोठं फूल असेल. जवळ जाऊन पाहिलं तर जाईच्या कळ्या! एका रानझाडाच्या वाळक्या काड्यांवर एकेक मिटलेली कळी खोचतात, रात्री त्या उमलतात. बिझनागा म्हणतात त्याला. आईने हॉटेलवर येऊन सगळ्या कळ्या काढल्या, दोऱ्यात ओवल्या आणि दुसऱ्या दिवशी अल्कासाबा किल्ला चढताना गजरा माळला.

किल्ला अकराव्या शतकातला आणि अगदी पायथ्याशी रोमन नाट्यगृह. ते 1951 मध्ये सापडलं. वर किल्ल्याच्या दाराला लावलेले खांब रोमनांचेच. आई त्या खांबाला हात लावून कितीतरी वेळ उभी होती. म्हणाली, आपल्याकडेही जुन्या देवळाचे दगड नव्या बांधकामात दिसतात ना, तसंच.

आई गेल्या वर्षी गेली. तुमच्या आठवणी लिहा, मला वाचायच्या आहेत.

सातारची_सून
ताई, डोळ्यांत पाणी आलं. माझ्या आईचाही गजऱ्यावर फार जीव.

भटक्या७२
रोंडा गाव! तिथला दरीवरचा पूल पाहून आमची ही दहा मिनिटं बोललीच नाही. 98 मीटर उंच, खाली दरीत नदीची बारीक रेघ. बांधायला 1751 ते 1793 लागली. त्याआधीचा पूल सहा वर्षांत कोसळला होता आणि पन्नासेक माणसं गेली, म्हणून या वेळी तळापासून दगड रचत आणले. मधल्या कमानीवर एक खोली आहे, तिचा तुरुंग म्हणून वापर व्हायचा. वरून पाहून परत फिरू नका, दरीत उतरणाऱ्या वाटेवरून वर बघा. माझे गुडघे तेव्हा बरे होते.

सातारची_सून
गुडघ्यांना निर्गुंडीचं तेल लावून बघा. माझ्या सासऱ्यांना फरक पडला.

भटक्या७२
बघतो हो वहिनी.

दोनमुलांचीआई
कुकर लावलाय, पटकन लिहिते. कामिनितो देल रेय, म्हणजे राजाची छोटी वाट. कड्याला चिकटलेली पाऊलवाट, डोक्याला हेल्मेट. जलविद्युत केंद्रांच्या कामगारांसाठी केलेली ही वाट. 1921 मध्ये राजा तेरावा आल्फोन्सो तिच्यावरून चालला म्हणून हे नाव. नंतर मोडकळीला आली, लोक पडून मेले, बंद झाली आणि 2015 मध्ये नवी करून उघडली. नव्या फळ्यांवरून चालताना जुनी फुटकी वाट पायाखालीच दिसते, पोटात गोळा येतो. आठ वर्षांखालच्या मुलांना सोडत नाहीत. धाकटा सातचा होता, आम्हाला माहीतच नव्हतं. मग मी त्याला घेऊन खाली तळ्याकाठी बसले आणि बाप-लेक गेले. त्याला बदके मोजायला शिकवलं, स्पॅनिश आकड्यांत. आजही तो त्या दिवसाबद्दल बोलतो, मोठा नाही बोलत.
शिट्टी झाली, जाते.

खाऊगल्ली
शाकाहारी असाल तर वांग्याचे काप मागा, वर काकवी! खरंच काकवी, उसाची. फ्रिहिलियाना गावात अजून कारखाना चालतो. ऊस तिकडे अरबांनी नेला. पहिला घास खाल्ला आणि कोल्हापूरचं गुऱ्हाळ आठवलं. आणि आखोब्लांको, म्हणजे बदाम-लसणीचं गार सार, वर द्राक्षं. उन्हाळ्यात दुसरं काही नको.

सातारची_सून
काप तांदळाच्या पिठात की रव्यात?

खाऊगल्ली
साधं गव्हाचं पीठ. पण मी घरी रव्यात करते, काकवी छान धरून राहते.

नागपुरी_संत्रं
अँतेकेरा गावचे दोल्मेन, म्हणजे शिळांच्या प्राचीन समाध्या, कुणीच लिहिले नाहीत? त्यातला मेंगा म्हणजे मोठमोठ्या शिळांची खोली, सुमारे साडेपाच हजार वर्षांहून जुनी. एक छताची शिळा तर शंभर टनांहून जड. आत उभं राहून दाराकडे पाहिलं तर समोर बरोबर एक डोंगर दिसतो, झोपलेल्या माणसाच्या चेहऱ्यासारखा. अशा बऱ्याच वास्तू उगवत्या सूर्याकडे तोंड करून असतात, ही डोंगराकडे. 2016 मध्ये जागतिक वारसा झाला. मी आमच्या जुनापाणीची शिळावर्तुळं लहानपणापासून बघतोय, त्यामुळे तिथे पाय निघेना. इथे मात्र वर्तुळांत बकऱ्या चरतात, याचं वाईट वाटतं. नागपूरकरांनो, आधी ती जाऊन बघा.

भटक्या७२
जुनापाणी पाहिलेलं नाही. कधी यावं?

नागपुरी_संत्रं
डिसेंबर. मे महिन्यात अजिबात नको.

लंडनवासी
नेर्हाची गुहा. 1959 मध्ये पाच मुलं वटवाघळं पकडायला गेली आणि एवढी प्रचंड गुहा हाती लागली. माझा बाबा आजारपणातून नुकताच उठलेला, पायऱ्या हळूहळू उतरला. आतल्या त्या महाकाय खांबापाशी बसून म्हणाला, "आमच्या आंब्याच्या झाडावरही वटवाघळं होती रे, आम्ही कधी मागे गेलो नाही." खूप हसला. महिनाभराने पहिल्यांदाच.

धागाकर्ती
लंडनवासी, बाबा कसे आहेत आता?

लंडनवासी
ठणठणीत. रोज फोनवर क्रिकेट. तुमच्या आईची गजऱ्याची गोष्ट त्यांना वाचून दाखवली. विचारताहेत, कळ्या कुठल्या दोऱ्यात ओवल्या?

धागाकर्ती
हॉटेलच्या शिवणाच्या पुडीतला पांढरा दोरा. सुई छोटी होती, आईने चष्मा वर करून ओवली.