मदत हवी आहे : लेथच्या चऱ्या आणि धातूतला शॉक

राजेहो, दारव्ह्याला माझं लेथचं छोटं दुकान आहे. रोटाव्हेटरचे शाफ्ट, थ्रेशरच्या पुल्या, हेच रोजचं काम. पुतण्या एम.एस्सी. फिजिक्सला आहे. त्याच्या सेमिनारचा विषय आहे शॉक बसलेल्या धातूच्या पृष्ठभागावरून उडणारे कण. तो ऐकून मीच अडकलो.

धातूत जोराची शॉक लाट (विजेचा शॉक नव्हे, अचानक वाढलेल्या दाबाची लाट) गेली, की ती मोकळ्या पृष्ठभागावर पोचताना तिथल्या टूलच्या चरीच्या तळाला आधी गाठते. तिथला धातू उलटून बाहेर पडतो, चरीच्या जागी बारीक धार उडते आणि तिचे कण होतात. म्हणजे टूलनं सोडलेली रेघच तिथं पिचकारी होते! याच्या मुळाशी रिश्टमायर-मेश्कोव्ह अस्थिरता आहे, म्हणजे शॉक गेल्यावर पृष्ठभागावरचा बारीक उंचसखलपणा वाढत जाणं. रिश्टमायरनं ती 1960 मध्ये गणितानं मांडली, मेश्कोव्हनं 1969 मध्ये प्रयोगात दाखवली. धातू घन राहिला तर त्याची ताकद ही वाढ रोखू शकते. कथिल किंवा शिसं शॉकनं वितळलं तर मात्र कण बरेच जास्त उडतात.

माझी अडचण अशी. आम्ही फिनिश सांगतो तो आर-ए मध्ये. तो म्हणजे उंचसखलपणाची सरासरी. चऱ्या किती अंतरावर आहेत ते त्यात येतच नाही. पण पुतण्या म्हणतो, खोली आणि अंतर यांचं प्रमाण महत्त्वाचं. मग फीड (एका फेऱ्यात टूल सरकतं ते अंतर) बदलून आर-ए सारखाच ठेवलेले दोन नमुने वेगळे वागतील ना? आणि पॉलिश पेपरचे आडवेतिडवे ओरखडे कसे मोजायचे?

कोणी यात काम केलं असेल तर सोप्या मराठीत सांगा. सेमिनार सोमवारी आहे, अन् पोरगा रोज दुकानात येऊन डोकं खातोय.