चेरी श्रिंप एकेक करून मरतायत, मदत हवी आहे (जरा लवकर!)

गोंधळलेला_मासा: पंधरा चेरी श्रिंप (गोड्या पाण्यातली छोटी लाल कोळंबी) आणले होते, सहा उरलेत. दर दोन-तीन दिवसांनी एक आडवा पडलेला दिसतो. पाणी आरशासारखं, फिल्टर चालू, गप्पी मजेत. कुठलं औषध टाकू? 'गुगल करा' म्हणू नका, करून झालंय.

पाणकावळा: औषध काहीही टाकू नका. टाकी केवढी, किती जुनी? अमोनिया, नायट्राइट (पाण्यात न दिसणारी विषं) मोजलंत?

गोंधळलेला_मासा: ४० लिटर. पाणी स्वच्छ आहे म्हटलं ना, मोजायचं काय त्यात?

निवांत: उष्णता! दुसरं काही नाही. पाण्यावर छोटा पंखा सोडा. मी लावल्यापासून एकही गेला नाही.

पाणकावळा: अहो, त्यांनी तापमान सांगितलंय कुठे?

गोंधळलेला_मासा: २५ आहे. आणि टाकी तीन वर्षं जुनी.

शेवाळप्रेमी: नक्की मेलेत की नुसती कात आहे? पोकळ, पारदर्शक असेल तर कात. ती राहू द्या, तेच खातात.

गोंधळलेला_मासा: कात कळते हो मला. हे गुलाबी पडतात, मानेपाशी गोल पांढरी पट्टी येते.

पाणकावळा: आता बोललात! कात टाकताना अडकतायत. कवच मानेशी गोल फाटतं आणि आतला जीव बाहेर निघू शकत नाही. पाणी कुठलं? बदलता किती?

गोंधळलेला_मासा: आरओचं, आपण पितो तेच. दर रविवारी अर्धं. स्वच्छता नको का?

पाणकावळा: इथेच घोळ आहे. आरओच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम जवळपास नसतं, मग कवच घडणार कशाचं? त्यात अर्धं पाणी एकदम बदललं की अवेळी कात पडते. श्रिंपसाठी मिळणारी खनिज पूड नव्या पाण्यात मिसळून जीएच (पाण्याचा कठीणपणा) ६ ते ८ वर आणा, पण हळूहळू. आठवड्याला १० टक्केच बदला, तेही थेंब थेंब सोडून.

निवांत: पूड कशाला? कटलबोनचा (कटलफिशच्या चुनखडीसारख्या हाडाचा) तुकडा टाका, काम झालं.

पाणकावळा: त्यातून मॅग्नेशियम नावालाच मिळतं, आणि विरघळणार कधी?

निवांत: माझे जगलेत. पंखा आणि कटलबोन.

रानहळद: माझ्या अमानो जातीच्या श्रिंपना अंडी येतात पण पिल्लं दिसत नाहीत, असं का?

शेवाळप्रेमी: अमानोच्या पिल्लांना सुरुवातीला खारं पाणी लागतं. वेगळा धागा काढा ना.

गोंधळलेला_मासा: पूड आणली. एका मादीच्या पोटाखाली पिवळी अंडी दिसतायत! तिला वेगळी काढू?

पाणकावळा: हात लावू नका, ताणाने अंडी टाकून देईल. साधारण महिन्याभरात पिल्लं येतील. गप्पी मात्र हलवा, पिल्लं गट्टम करतात.

शेवाळप्रेमी: एक राहिलंच. या टाकीत कधी माशांचं औषध पडलंय? तांबं असलेलं? गप्पींना सोसतं, श्रिंपना नाही.

गोंधळलेला_मासा: पांढऱ्या डागांसाठी दिलं होतं, श्रिंप यायच्या आधी. बाटली फेकली. हेही सांगायचं होतं का?