टेक्सास उणे १९ ला बसलं, मिनेसोटा उणे २५ ला कसं चालतं?

शिवडीकर
फेब्रुवारी २०२१ मध्ये डॅलसचा पारा उणे १९ ला गेला आणि टेक्सासात लाखो घरं अंधारात. मिनेसोटात उणे २५ दर हिवाळ्यात होतं, तिथे दिवे चालू. तारा तुटतात की वीजच कमी पडते? आपली मुंबई १९६२ साली ७.४ ला उतरली तोच नीचांक, त्यामुळे थंडीचा अंदाजच नाही.

ड्रमलेव्हल
तारांचा दोष कमी, वीज बनवणारेच बसले. टेक्सासातली बरीच केंद्रं उघड्यावर आहेत, उन्हाळ्यात उष्णता कोंडू नये म्हणून. मिनेसोटात बॉयलर-टर्बाइन इमारतीच्या आत असतात.

उघड्यावर पहिली गोठते ती बोटाएवढी नळी. बॉयलर ड्रममधल्या (पाणी-वाफेच्या टाकीतल्या) पाण्याची पातळी मोजणाऱ्या ट्रान्समीटरकडे जाणाऱ्या सेन्सिंग लाइनमध्ये पाणी वाहत नाही, नुसतं उभं असतं. ते गोठलं की रीडिंग खोटं येतं आणि प्रोटेक्शन, म्हणजे आपोआप चालणारी सुरक्षा यंत्रणा, धडधाकट युनिट ट्रिप (बंद) करतं. उपाय माहीत असलेलाच: नळीला हीट ट्रेसिंग केबल (विजेवर तापणारी तार), वर इन्सुलेशन, त्यावर पत्रा. घोळ होतो देखभालीत. व्हॉल्व्हच्या कामासाठी काढलेलं इन्सुलेशन परत बसत नाही, नाहीतर ट्रेसिंगचा एमसीबी उन्हाळ्यात पडलेला असतो आणि कुणी बघत नाही. म्हणून ऑक्टोबरात प्रत्येक सर्किटला क्लॅम्प मीटर (तारेभोवती चिमट्यासारखा बसणारा मापक) लावून करंट मोजायचा. पॅनेलवरचा दिवा लागलाय एवढ्यावर विश्वास ठेवायचा नाही. वाऱ्याच्या बाजूला ताडपत्रीचा आडोसाही करायचा, कारण वारा उष्णता ओढून नेतो.

दुसरी गोची गॅसची. विहिरीच्या तोंडाशी गॅसबरोबर पाणी येतं, तेही गोठलं. त्यात लोडशेडिंग करताना गॅस पुढे ढकलणाऱ्या कॉम्प्रेसरना वीज देणारेच काही फीडर (वीजवाहिन्या) बंद झाले, म्हणजे केंद्रांचा गॅस आणखी घटला! वीज मागणीपेक्षा कमी पडली की ग्रिडची फ्रीक्वेन्सी उतरते; १५ फेब्रुवारीच्या पहाटे ती ६० वरून ५९.३ हर्ट्झला आली. ५९.४ च्या खाली ती ९ मिनिटं राहिली असती तर उरलेली जनित्रंही सुटायला लागली असती. राहिली ४ मिनिटं २३ सेकंद.

फीडर_पिलर
तारांना इतकं सहज सोडू नका. २५ मिमीच्या कंडक्टरवर चहूबाजूंनी अर्धा इंच बर्फ चढला तर मीटरला साधारण १.३५ किलो वजन वाढतं, दोन मनोऱ्यांमधल्या ३०० मीटरच्या गाळ्यात ४०० किलो. जानेवारी १९९८ मध्ये क्वेबेकात याच ओझ्याने मनोरे आडवे झाले.

आणि वीज परत देणं हे वेगळंच दुखणं. एरवी सगळ्यांचे हीटर एकाच वेळी चालू नसतात. चार तास बंद राहिल्यावर प्रत्येक घर गार, प्रत्येक थर्मोस्टॅट 'चालू'वर. फीडर घेतला की भार नेहमीच्या दुप्पट-तिप्पट आणि ब्रेकर पुन्हा खाली. मे महिन्यात वीज आल्यावर सोसायटीतले एसी एकदम उठतात, तोच प्रकार. म्हणून आधी फीडरचे तुकडे पाडणारे सगळे सेक्शन स्विच उघडायचे (म्हणजे बंद करायचे), पहिला तुकडा घ्यायचा, करंट उतरेपर्यंत अर्धा तास थांबायचं, मग पुढचा. ग्राहकाने एक दिवा चालू ठेवून बाकी स्विच बंद केले तर निम्मं काम होतं.

शिवडीकर
पाण्याचं काय करतात? आणि आपल्या लडाखात?

ड्रमलेव्हल
मिनेसोटात जलवाहिनी सात-आठ फूट खोल, गोठणाऱ्या थराच्या खाली. घरात नळ बारीक धारेने सोडतात. पाइप बहुधा बर्फापाशी फुटत नाही. बर्फाचा बूच आणि बंद नळ यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्याचा दाब वाढतो, तिथे फुटतो. धार सोडली की दाब निघून जातो. लडाखात जनरेटरचं डिझेल मेणासारखं होतं, म्हणून २०१९ पासून उणे ३३ पर्यंत वाहणारं डिझेल मिळतं. त्याच वर्षी श्रीनगर-लेह २२० केव्ही लाइन झाली आणि डिझेलवरचा भार हलका झाला.

शिवडीकर
म्हणजे हीटर हे प्रकरण आपल्याकडे नाहीच?

फीडर_पिलर
आहे की! तुमच्या सबस्टेशनच्या ब्रेकर पॅनेलमध्ये तळाशी स्पेस हीटर असतो. थंडीसाठी नाही, पावसाळी दमटपणासाठी. रात्री पॅनेल गार झालं की बसबारच्या (वीज वाहणाऱ्या जाड पट्टीच्या) इन्सुलेटरवर दव धरतं, खाऱ्या धुळीत मिसळतं आणि आधी निळसर ट्रॅकिंग (पृष्ठभागावरून गळणारी वीज), मग फ्लॅशओव्हर (ठिणगीचा भडका). मेअखेर तोच क्लॅम्प मीटर घेऊन बसा, बंद पडलेले हीटर सापडतीलच.